तीन मिनिटे आधी

उकळत्या पाण्यात हळद पडली की एक पिवळा, ओलसर दरवळ घरभर पसरतो. इतरांना त्यातून सर्दी-पडसे आठवत असेल. मला तापलेले लोखंड आठवते, करपलेला रंग आठवतो, आणि मान आपोआप खाली जाते.

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, नागापूरला गॅरेज आहे. टेम्पो-ट्रॅक्टरांच्या गर्दीत चार वर्षे ते मोटार-रॅलीच्या शर्यतीत धावणारी एक गाडीही सांभाळत होते. देवळाली प्रवरेच्या एका ऊस बागायतदाराचा मुलगा ती चालवायचा आणि त्याचा आतेभाऊ शेजारी बसून वाट आणि वेळ सांगायचा. यंदा मित्रांनी मुलाच्या मागे लकडा लावला होता, की आता पुण्याचे गॅरेज धर, तिथले कारागीर एकसारखे टी-शर्ट घालतात. “अकोले तालुक्यातली रॅली होऊ दे, मग बघू,” असे तो अण्णांच्या देखतच म्हणाला. अण्णा पाना पुसत राहिले. ही गाडी हातची जाऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. तिच्याविषयी बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

मी कॉलेजात मराठी शिकवते, कविता लिहिते. अण्णांच्या कामावर काही लिहावे म्हणून वही घेऊन मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले.

दुरुस्तीचा तळ डोंगराच्या पायथ्याशी, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत होता. पायांखाली धसकटे कुरकुरत होती. दुपारी गाडी आली ती अक्षरशः फरफटत. घाटात ती दगडी कठड्यावर आदळली होती. डावे चाक आत दुमडलेले, पुढचा सांगाडा वाकलेला, रेडिएटर गळत होता. आतेभावाचे मनगट सुजले होते. हातातले आणि गाडीतले, दोन्ही घड्याळे फुटली होती. दुरुस्तीला अर्धा तास मिळणार होता आणि त्यानंतर ठरल्या मिनिटाला तळाच्या फाटकावर, जिथे वेळेची नोंद व्हायची तिथे, हजर व्हायचे होते.

“ताई, तुमी वेळ सांभाळा,” मनगटाला पट्टी बांधून घेत तो म्हणाला. “बारा बेचाळीसला फाटक. आधी न्हाई, नंतर न्हाई.”

मी वहीच्या कोपऱ्यात बारा बेचाळीस लिहिले आणि त्याच पानावर कवितेची ओळ सुरू केली.

अण्णांनी गाडी मागून आंब्याच्या झाडाला साखळीने बांधली. पण त्याआधी खोडाभोवती गोणपाट गुंडाळले, झाडाची साल जाऊ नये म्हणून. पुढून आमच्या टेम्पोने ओढ दिली. लोखंड कण्हले आणि सांगाडा हळूहळू सरळ झाला. चाक निघाले, नवा दांडा बसला. मग अण्णा ओरडले, “पोरी, हळद आन! मूठभर!” मी जवळच्या घरातून मागून आणली. त्यांनी ती रेडिएटरच्या तोंडात ओतली. बारीक चिरा ती भरून काढते.

“मिस्त्री, फोडनी राहिली,” त्यांचा जुना साथीदार चाकाखालून म्हणाला.

“आदी नट आवळ. जेवाया मंग बस.”

बॉनेटचे कुलूप तुटले होते. अण्णांनी कमरेचा पट्टा काढला आणि त्याने बॉनेट आवळून बांधले. वेल्डिंगच्या ठिणग्यांना फुले म्हणावे की अक्षता, या विचारात मी तेव्हा गढले होते.

दुरुस्ती संपली, जमलेले लोक टाळ्या वाजवू लागले. मी घड्याळ पाहिले, बारा एकोणचाळीस. आमच्या घरात एसटी गाठायला तासभर आधी निघतात. लवकर पोचण्यालाच मी जन्मभर शहाणपण मानत आले. “झालं! निघा, निघा!” मी ओरडले. गाडी सुटली आणि फाटक ओलांडून गेली.

उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा सेकंद दंड, आणि लवकरच्या प्रत्येक मिनिटाला पुरते एक मिनिट, हा नियम तिथल्या चहावाल्यालाही ठाऊक होता. संध्याकाळी निकाल लागला तेव्हा तीन मिनिटांच्या दंडामुळे आमची गाडी पहिल्या गाडीच्या दीड मिनिट मागे होती. वाकलेल्या, हळद प्यायलेल्या त्या गाडीने उरलेले सगळे टप्पे धडधाकट पार केले होते.

मुलगा हेल्मेट काखेत घेऊन आला. “निघा कोन म्हनलं?”

आतेभावाने माझ्याकडे पाहिले. इंजिनाच्या गोंगाटातही माझा आवाज त्याने ओळखला होता. मग त्यानेच नजर वळवली. हातात वही होती, तिच्या पानावर बारा बेचाळीस होते.

“मीच म्हनलो,” अण्णा म्हणाले. सैल झालेली पँट त्यांनी एका हाताने वर धरली होती. “घड्याळ बघाया चुकलो.”

“मिस्त्री, तुमी? चार वर्सं झाली!”

“व्हय. वय झालं आता.”

गाडीकडे जाऊन मुलाने बॉनेटवरचा पट्टा सोडवला आणि अण्णांच्या हातात दिला. “ऱ्हाऊ द्या मिस्त्री. पुढचं पुन्यालाच बघतो.”

अण्णांनी पट्टा कमरेत ओवायला घेतला. पँटचा एक लूप दोनदा चुकला. आजही ठिणग्यांसाठी मला उपमा सुचतात. तेव्हा मात्र ‘मी’ एवढा एक शब्द माझ्या तोंडून फुटला नाही.

परतताना टेम्पोत मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या बोटांना हळदीचा वास होता. उसाच्या मळ्यांवर ऊन तिरपे झाले होते. मोठा रस्ता लागेपर्यंत सांगू, संगमनेर येईपर्यंत सांगू, असे मी मनाशी म्हणत राहिले. वाक्यही तयार होते, नीट घडवलेले. एका चढावर अण्णांनी टेम्पो बाजूला घेतला. दुपारी झाडाला गुंडाळलेले गोणपाट टेम्पोच्या मागच्या भागातून काढले, झटकले, घडी करून माझ्या पाठीशी सरकवले आणि माझ्या तोंडाकडे पाहत विचारले,

“दमलीस?”