पंखात मिटलेलं कुंकू

मी विमान बनवते असं सांगितलं की आमच्या हेंद्रेपाड्यातले लोक आधी माझ्या उंचीकडे बघतात. त्यांना वाटतं, एअर होस्टेस. आईने सुरुवातीला दोन-तीन जणींना समजावून सांगितलं, मग कंटाळून नाद सोडला. एका मावशीने तर स्थळ आणलं तेव्हा मुलाकडच्यांना 'मुलगी विमानात असते' असंच सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे मी अंबरनाथ पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये असते. केसांत भुसा असतो, आणि आमचं विमान अजून जमिनीवरून बोटभरही उठलेलं नाही.

कॉलेज संपलं तेव्हा वर्गातले निम्मेअधिक सॉफ्टवेअरला गेले. मी हट्टाने विमानांच्या मागे लागले होते. मिळालेली जाहिरात तीनच ओळींची होती: दोन जण बसतील असं प्रायोगिक विमान बनवतोय, डिझाइन इंजिनिअर हवा, हाताने काम करावं लागेल. तिसरी ओळ इतर कुणासाठी तरी असावी असं मी समजले.

मुलाखत मॅडमनी घेतली. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, कपाळावर कायम वर सरकवलेला चष्मा. विमानाचं डिझाइन त्यांचं, शेड त्यांची, आणि विमान पहिल्यांदा उडवणार होत्या त्याही त्याच. परवाना त्यांच्याकडे आधीपासून होता. मी लॅपटॉपवर कॉलेजातला प्रोजेक्ट दाखवला. पंखावर कुठे किती ताण येतो ते लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांत दिसत होतं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिलं, "रंग छान आहेत" म्हणाल्या, आणि माझ्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा ठेवला. "उद्यापासून ये. महिनाभर घास. मग बोलू."

मला इतका राग आला होता की घरी जाऊन मी जेवलेच नाही. पण दुसऱ्या दिवशी गेले.

घासायला शिकवलं ते शेडमधल्या सुतारकाकांनी. काका मूळचे बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचे. घरी भातशेती, पण अर्धं आयुष्य उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दारं आणि चौकटी करण्यात गेलं होतं. तिथल्या सिंधी दुकानदारांच्या सवयीने ते प्लायवाल्याशी फोनवर बोलताना अजूनही "हां साईं, बोलो साईं" करायचे. शाळा सातवीपर्यंत. मात्र लाकडाच्या पट्टीवरून डोळे मिटून अंगठा फिरवला की कुठे केसभर उंचवटा आहे ते सांगायचे, आणि मी मोजपट्टी लावून बघितलं तर तो तिथेच असायचा. मी चार-पाच वेळा त्यांना चूक ठरवायचा प्रयत्न केला. मग नाद सोडला आणि त्यांच्या शेजारी उभी राहून अंगठा फिरवायला शिकले.

आमचं विमान लाकडाचं. पंखाच्या आत एक लांब कणा, त्याला आडव्या फासळ्या, आणि सगळ्यावर पातळ प्लायचं कातडं. हे सगळं एकमेकांना धरून राहतं ते फक्त गोंदामुळे. खिळा नाही, स्क्रू नाही. दोन डब्यांतली रसायनं मिसळून तो गोंद होतो आणि मिसळला की अर्ध्या तासात काम उरकावं लागतं. मी रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी मॅडमनी अख्खा एक पंख उलटा बसवून त्यावर वाळूची पोती रचली. एकेक पोतं चढत गेलं आणि शेवटी पंख कडाडून मोडला. सहा महिन्यांचं काम. मला रडू फुटायचं बाकी होतं आणि मॅडम टाळ्या वाजवत होत्या, कारण तो त्यांच्या हिशोबापेक्षा दोन पोती जास्त घेऊन मोडला होता. मग त्यांनी मला तुटलेला सांधा दाखवला. लाकूड फाटलं होतं, गोंद सुटला नव्हता. "असं तुटलं तर मला काळजी नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी या बाईची भक्त झाले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मोडला तो पंख फक्त चाचणीसाठी होता. उडवायचा पंख आम्ही त्यानंतर करायला घेतला.

त्यांची एक पद्धत होती. गोंद लागणारा प्रत्येक पृष्ठभाग घासून, पुसून झाला की त्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. त्यावर प्लास्टिक अंथरायचं. पंख बंद करताना रजिस्टरमध्ये दोन सह्या, एक कारागिराची, एक इंजिनिअरची: 'पृष्ठभाग स्वच्छ आहे, स्पर्श झालेला नाही.' कारण एकदा कातडं बसलं की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

खंडेनवमी आली तेव्हा उजव्या पंखाच्या फासळ्या घासून तयार होत्या आणि दसऱ्याची सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी पंख बंद करायचा होता. सकाळी शेडमध्ये पूजा झाली. रंधे, करवती, शिकंजे, ड्रिल मशीन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. मॅडमनी आधीच बजावलं होतं की हत्यारांना काय लावायचं ते लावा, पंखाचं प्लास्टिक उचलायचं नाही. आईने सकाळी मला डबीत ओलं कुंकू दिलं होतं. "पहिलं विमान आहे तुझं. तुझं म्हणून एक बोट लाव." सगळे पेढे खायला बाहेर गेले, आणि मी, चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेली, प्लास्टिकचा कोपरा उचलून तिसऱ्या फासळीच्या काठावर अनामिकेने टिकली लावली. नंतर पुसून टाकीन असं मनाशी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली.

दसऱ्यानंतर पंख बंद केला. गोंद मिसळला गेला, घड्याळ सुरू झालं. काका पंखाच्या एका टोकाकडून गोंद लावत निघाले, मी आणि मॅडमनी प्लाय धरलं होतं. ते तिसऱ्या फासळीकडे सरकत असताना मला ती टिकली आठवली. तोंड उघडलं आणि बंद केलं. गोंद वाया जाईल, मॅडम काय म्हणतील, एवढ्याशा टिकलीने काय होतंय, हे सगळं चार सेकंदांत डोक्यातून गेलं आणि प्लाय बसलं. शिकंजे आवळले. मी रजिस्टरमध्ये सही केली. माझ्याआधी काकांची सही होती.

त्याच गोंदाने चिकटवलेला नमुन्याचा तुकडा आम्ही दुसऱ्या दिवशी तोडला. लाकूड फाटलं, गोंद पक्का. कागदावर सगळं उत्तम होतं. नमुन्याला काही कुंकू लावलेलं नव्हतं.

पुढचे चार आठवडे मी स्वतःला समजावत होते. मध्ये दिवाळी गेली. काका भातकापणीला गावी जाऊन आले. मी गणित मांडून पाहिलं, एवढ्याशा जागेने पंखाची ताकद किती कमी होईल. उत्तर आलं, जवळजवळ काहीच नाही. ते उत्तर बरोबर आहे की मला हवं होतं म्हणून आलंय, हे मला कळेनासं झालं होतं.

मग एका सकाळी मॅडम वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. विमानाचा तोल काढायला प्रत्येक वस्तूचं वजन लागतं. इंजिन, खुर्च्या, पेट्रोल, आणि चालवणारा माणूस. त्यांनी बूट घातले, हेल्मेट चढवलं, काट्यावर गेल्या आणि म्हणाल्या, "लिही. वैमानिक." मी तक्त्यात त्या रकान्यापाशी गेले. आत्तापर्यंत तो रकाना म्हणजे नुसता एक आकडा होता. काट्यावर हेल्मेट घालून उभी असलेली बाई मला बघून हसत होती.

"मॅडम, मी पंखात कुंकू लावलंय," मी म्हटलं. "गोंदाच्या जागेवर."

त्या काट्यावरून उतरल्या. हेल्मेट काढलं. "कुठे?"

"उजव्या पंखात. तिसरी फासळी, पुढचा काठ."

त्यांनी पेन्सिल घेऊन पंखावर गोल केला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "काकांना बोलाव," एवढंच म्हणाल्या.

काका आले. मॅडमनी त्यांना सांगितलं की हिच्या हातून असं असं झालंय, उघडावं लागेल. काका त्या पेन्सिलच्या गोलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, टोकाकडं पन उगडा. नवव्या फासळीला. तिथं माजा बोट हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"चौकट करताना आमी खाचंत कुंकू लावतो," ते म्हणाले. "मंग दुसऱ्या लाकडाचा दात त्यात ठोकतो. चाळीस वरसं लावतोय. पूजेच्या दिशी हात आपसूक गेला. मंग गोंद लावत आलो तर हिचा टिपका दिसला. वाटला, पोरीनं पन लावलाय, म्हंजे चालत आसंल. ती शिकल्याली हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी सांगनार व्हतो. उद्या सांगू, उद्या सांगू करीत ऱ्हायलो."

मॅडम खुर्चीवर बसल्या. मग उठल्या आणि करवत आणायला निघाल्या. काकांनी त्यांच्या हातातून करवत घेतली. "मी बंद केलाय, मीच उगडनार."

दोन्ही ठिकाणी प्लायचा तुकडा कापला. मॅडमनी पटाशीचं टोक आत घातलं. आजूबाजूला लाकूड फाटून निघत होतं, गोंद हलत नव्हता. माझ्या टिकलीपाशी मात्र प्लाय अलगद सुटून आलं, आणि त्याखाली रुपयाएवढा लाल, गुळगुळीत डाग होता. काकांचा डाग माझ्यापेक्षा मोठा होता. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि लगेच हात मागे घेतला. त्या माणसाला मी तोवर कधी लाजलेलं पाहिलं नव्हतं.

"दोनच ठिकाणं बदलायची का?" मी विचारलं.

"अजून कुठे काय आहे हे आता आपल्यापैकी कोण छातीठोक सांगेल?" मॅडम म्हणाल्या. वरचं सगळं प्लाय काढायचं ठरलं. मला त्यांनी रजिस्टर दिलं आणि घडलं ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं. मी लिहिलं. काकांनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि खाली सही केली.

पंख पुन्हा तयार व्हायला पाच आठवडे लागले. काका त्या दिवसांत कमी बोलत. पण एकही दिवस उशिरा आले नाहीत, आणि घासलेली प्रत्येक फासळी ते मला बोलावून दाखवत. पूर्वी मीच त्यांना दाखवत असे.

पंख बंद करायच्या सकाळी शेडचा दरवाजा आतून लावला. गोंदाचे डबे टेबलावर होते, अजून मिसळलेले नव्हते. हातमोजे चढवण्याआधी काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. आधी तळवे, मग उलटे.

"बग," ते म्हणाले.

मला संकोच वाटला. माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस. मी मॅडमकडे पाहिलं. त्या बाह्या वर करून काकांच्या मागे रांगेत उभ्या होत्या.

मी काकांचे हात हातात घेतले आणि उजेडाकडे वळवले. एकेक बोट पाहिलं, नखांच्या खालीसुद्धा.

"काका, उजवी करंगळी पुन्हा धुवा."

ते गेले आणि धुऊन आले.