खात्री सरांचं निळं पाणी

आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला एक सर होते. त्यांना कुणी "सर, बरे आहात ना?" असं विचारलं तरी ते क्षणभर थांबायचे, आत कुठं काही दुखतंय का याचा अंदाज घ्यायचे आणि मगच "बरा आहे" म्हणायचे. घंटा झाली की आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे. शिपाईमामांनी चहा गरम आहे म्हणून सांगितलं तरी कपाला बोट लावून पाहायचे. बाहेर पाऊस आला असं ओरडत कुणी वर्गात शिरलं तर त्या भिजलेल्या पोरालाही त्यांचा एकच सवाल, "खात्री केली का?" त्यावरून अख्खी शाळा त्यांना खात्री सर म्हणायची. त्यांचं आडनाव विचारलं असतं तर निम्म्या पोरांना सांगता आलं नसतं.

सर मूळचे जालन्याकडचे. त्यांच्या घरच्या बाई तिकडेच एका शाळेत शिक्षिका, लहान मुलगी आईजवळ, आणि सर इकडे कळमनुरी तालुक्यात एका खोलीत एकटे. स्वयंपाक स्वतः, धुणं स्वतः. रोज पांढरा शर्ट घालायचा हा त्यांचा नेम आणि शर्टाला नीळ द्यायची ही हौस, पण हात सैल. रविवारी धुणं झालं की सोमवारी सर आभाळी रंगाच्या शर्टात वर्गात यायचे आणि आम्ही पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायचो. एकदा मी धीर करून सांगितलंच की, सर, शर्ट निळा झालाय. त्यांनी बाही खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "व्हय की. माप चुकलं." रागावणं त्यांना जमायचंच नाही. चूक दाखवून देणाऱ्यावर तर ते उलट खूष व्हायचे.

आमचा तांडा गावाच्या वर, माळावर. दिवाळी सरली की निम्मा तांडा ऊसतोडीला निघायचा आणि बोचक्यांबरोबर लेकरंही जायची. मी सातवीत होते तेव्हा माझंही बोचकं बांधून तयार होतं. सर मोटारसायकल घेऊन तांड्यावर आले, बाजेवर बसले, पाणी प्याले. माझ्या बाला त्यांनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही ऐकवलं नाही. एवढंच म्हणाले, "पोरगी इथं राहू द्या. हिची जबाबदारी माझ्यावर." बानं मला आत्याकडे ठेवलं आणि तो उसाला गेला. तेव्हापासून आमच्या घरात सरांचा शब्द शेवटचा झाला. बा देवाच्या शब्दालाही फाटे फोडायचा, पण सर म्हणाले म्हटलं की विषय संपायचा. पुढं दहावीनंतर मला हिंगोलीला सायन्सला घालायचं, वसतिगृहात ठेवायचं, हेही बाच्या मनात सरांनीच भरवलं.

तांड्यावरून इसापूरच्या धरणाचं पाणी दिसतं. पावसाळ्यात ते चहासारखं गढूळ असतं, पण गाळ खाली बसला की हिवाळ्यात असं निळं होतं की बघत राहावं. नववीत सरांनी विचारलं, धरण निळं काहून दिसतं? आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की आभाळाचं प्रतिबिंब पडतं म्हणून. सर म्हणाले, "खात्री केली का?" मग त्यांनी खिडकीच्या फुटक्या तावदानाचा एक तुकडा आणला आणि माझ्या हातात दिला. समोरून बघ म्हणाले. समोरून काच बिनरंगाची होती. मग म्हणाले, आता कडेनं बघ. कडेनं तीच काच हिरवी दिसत होती. नजरेच्या वाटेत काच जास्त आली की तिचा रंग कळतो, पाण्याचंही तसंच आहे, असं त्यांनी सांगितलं. उन्हात सगळे रंग असतात. पाणी त्यातला लाल आधी पिऊन टाकतं आणि निळा माघारी पाठवतं. पेलाभर पाण्यात हे पिणं इतकं थोडं असतं की डोळ्याला समजत नाही, धरणभर पाण्यात समजतं. आभाळाचा वाटा असतोच, पण सगळं श्रेय आभाळाला देऊ नका, असं ते म्हणाले. मी त्या दिवशी घरी जाऊन घरातल्या एकुलत्या एका आरशाची कड बघितली. तिथंही हिरवी झाक होती. मला इतका आनंद झाला की आरसा पडता पडता वाचला.

दहावीत असताना विज्ञान प्रदर्शन आलं आणि सरांनी ठरवलं की धरण हिंगोलीला न्यायचं. युक्ती साधी होती. लांबलचक पाइप पाण्यानं भरायचा, दोन्ही तोंडांना काच बसवायची, एका तोंडाशी उन्हात पांढरा पुठ्ठा धरायचा आणि दुसऱ्या तोंडातून बघायचं. पाइप बानं दिले, शेतातल्या लाइनसाठी आणून ठेवलेले पांढरे, नवेकोरे. काच वारंगा फाट्यावर फोटोला चौकट करून देणाऱ्याकडून गोल कापून आणली. पाणी फिल्टरचं, जारमधलं, कारण आमच्या हातपंपाच्या पाण्यात आधीच काय काय असायचं. शाळेच्या मागं दोन पाइप जोडून भरले आणि सरांनी मला डोळा लावायला सांगितलं. पलीकडचा पुठ्ठा पांढरा नव्हता. अगदी फिक्या निळसर पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. जार बिनरंगाचे होते, पाइप पांढरा होता आणि आत आभाळ शिरायला जागा नव्हती. मी खात्री केली होती.

माहिती सांगायला सरांनी मलाच उभं केलं. प्रदर्शनात नंबर आला तर हिंगोलीचं कॉलेज पक्कं, असं बा बोलून बसला होता. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत टेम्पोत पाइप धरून बसला. मैदानावर पाइप पुन्हा जोडले. मला भूक लागली होती, सर म्हणाले तू भाकर खाऊन घे, पाणी मी भरतो.

बक्षिसं ठरवायला शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब आले. त्यांनी पाइपाला डोळा लावला आणि "अरे वा" म्हणाले. मीही त्यांच्यानंतर वाकून पाहिलं. रंग शाळेमागं पाहिला होता त्यापेक्षा गडद होता. मला वाटलं, हिंगोलीचं ऊन जास्त आहे. साहेबांनी विचारलं, हा पाण्याचाच रंग कशावरून? या प्रश्नाची मी वाटच बघत होते. पाइपाला वर पाणी भरायचं तोंड होतं आणि त्याच्याच खाली तोटी बसवलेली होती. मी म्हटलं, साहेब, हेच पाणी पेल्यात काढून दाखवते, पेल्यात रंग दिसणार नाही, कारण पाणी थोडं आहे. काचेचा पेला तोटीखाली धरला, भरला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून हात उंच केला.

पेल्यातलं पाणी निळं होतं.

साहेबांनी पेला हातात घेतला, उन्हात धरला, हुंगला आणि हसले. "ही तर कपड्याची नीळ आहे." भोवतीचे सगळे हसले. नीळ नीट मिसळलीसुद्धा नव्हती, भरायच्या तोंडाशी, तोटीजवळच साचून राहिली होती. साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? मी सरांकडे बघितलं. कुणी काय केलं हे मला अजून उमगलं नव्हतं. मी बघितलं ते एवढ्याचसाठी की सर आता खात्री करतील, पेला हातात घेतील, काय झालं ते शोधून काढतील. त्यांचा चेहरा मात्र घामानं डबडबला होता.

"लेकरू आहे, साहेब," सर म्हणाले. "हौसेपायी टाकली असेल. मोठ्या मनानं माफ करा."

साहेबांनी मोठ्या मनानं माफ केलं. माझ्या पाठीवर थोपटलं आणि विज्ञानात फसवणूक चालत नाही बरं का, असं बजावून ते पुढच्या टेबलाकडे गेले. बा गर्दीतून निघून टेम्पोकडे गेला होता. घरात आम्ही आमच्या तांड्याची बोली बोलतो, इथं मी ते मराठीतून लिहिते. टेम्पोत मी बाला म्हटलं, नीळ मी न्हाई टाकली, पाणी सरांनी भरलं होतं, सरांनीच टाकली असेल. बानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उगारला. मारलं नाही. पण पाइपाकडं बघत म्हणाला, "सर कशाला खोटं बोलतील?"

सरांनी दुसऱ्या दिवशी मला प्रयोगशाळेत बोलावलं. कपाटं दोन, भिंग एक, अशी ती प्रयोगशाळा. माझ्याकडे न बघता ते सांगू लागले. रंग फिका पडतो, साहेब घाईत असतात, त्यांना दिसलाच नाही तर तुझी मेहनत वाया जाईल असं वाटलं, म्हणून थोडीशी टाकली, हात सैल पडला. मी विचारलं, मग माझं नाव काहून घेतलं? त्यावर ते भिंग पुसू लागले. मग म्हणाले, "माझी बदली त्या साहेबांच्या हातात आहे. पोरगी मला फोनवर काका म्हणून राहिली." आणि वर म्हणाले, "तू लहान आहेस, तुझं कुणी मनावर घेणार न्हाई. वेळ आली की तुझ्या बाला मी स्वतः सांगीन."

मला तेव्हा त्यांची दया आली, हे खरं आहे. बापाला काका म्हणणारी मुलगी माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली आणि मी मान डोलावली. आज विचार केला की संताप येतो तो याचा. त्यांनी फसवलं ते फसवलं, वर माझ्याकडून समजूतदारपणाही काढून घेतला.

मनावर कुणी घेणार नाही, हेही खोटंच ठरलं. शाळेत माझं नाव नीळवाली पडलं. परीक्षेत चांगले मार्क पडले की पोरं म्हणायची, नीळ टाकली असेल. सरांची बदली उन्हाळ्यात झाली. निरोपाच्या दिवशी बा तांड्यावरून तुपाचा डबा घेऊन आला, सरांच्या पाया पडला आणि पोरीनं तुम्हाला मान खाली घालायला लावली म्हणून त्यांची माफी मागितली. मी शेजारीच उभी होते. माझ्या मते वेळ आली होती. सरांनी बाला उठवलं, छातीशी धरलं, त्यांचे डोळे भरून आले. "पोरगी गुणाची आहे," एवढंच ते म्हणाले. नंतर एसटीत बसले आणि खिडकीतून हात हलवत राहिले.

दहावीला मला विज्ञानात गावात सगळ्यांत जास्त मार्क होते. बानं हिंगोलीचं नाव काढलं नाही. सरांच्या हाताखाली असून नीळ टाकणारी पोरगी शहरात काय काय शिकेल, असं तो आत्याला म्हणाला. मी जवळच्या कॉलेजात आर्ट्सला गेले. आज अंगणवाडीत शिकवते आणि बरी शिकवते. लेकरं काहीही सांगत आली की माझ्या तोंडून निघतं, "खात्री केली का?" जीभ चावून काय उपयोग? जगाकडं बघायची जी काही नजर मला आहे ती त्यांनीच दिलेली आहे. ती परत करता येत नाही आणि करावीशीही वाटत नाही. त्यांच्यासारखा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले आणि आमच्या शाळेनं जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून त्यांचा सत्कार ठेवला. बानं सकाळीच अंगणवाडीबाहेर मोटारसायकल आणून उभी केली. सर पिकले होते, वाळले होते, शर्ट मात्र पांढराशुभ्र होता. आता नीळ घरच्या बाई देत असाव्यात. शाल, श्रीफळ झालं आणि सर बोलायला उभे राहिले. त्यांनी सगळ्यांच्या आठवणी सांगितल्या. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली आणि चेहरा खुलला. "ही आमची तांड्याची पोरगी. हिनं तर हिंगोलीत साहेबालाच गंडवायला काढलं होतं. पाइपात नीळ!" सगळा मांडव हसला. त्यांनी ती गोष्ट पेल्यापर्यंत सांगितली, रंगवून सांगितली, आणि शेवटी म्हणाले की मी मध्ये पडलो म्हणून पोर वाचली. बासुद्धा हसला. इतक्या वर्षांनी त्याला ते माफ करण्यासारखं वाटलं असावं.

कार्यक्रमानंतर मी त्यांच्या पाया पडले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "सर, नीळ कोणी टाकली होती?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, तूच की. विसरलीस व्हय?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. खोटं बोलणाऱ्याचे डोळे मी त्या मैदानावर पाहिले होते, हे तसे नव्हते. त्यांना खरोखरच तसं आठवत होतं. ते खोटं बोलले असते तर मला एवढं लागलं नसतं. खरं काय ते जगात दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक आता उरला नव्हता.

परत येताना बा खुशीत होता. सर अजून बी तुझी आठवण काढतात, एवढा मोठा माणूस, असं तो गाडी चालवता चालवता मागं वळून सांगत होता. माळाचा चढ लागला तेव्हा मी म्हटलं, "बा, नीळ सरांनी टाकली होती. त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं."

बानं गाडी कडेला घेतली, पाय टेकले. मग म्हणाला, "मग तवाच काहून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं, बा. टेम्पोत."