पोळी पलटेपर्यंत

आईच्या उजव्या फुफ्फुसात गाठ दिसली आणि सुई घालून तिचा तुकडा तपासायचं ठरलं, तेव्हा घाबरण्याच्या जोडीला मला एक चोरटा आनंदही झाला होता. हॉस्पिटल ठाण्यातलं, माझ्या वर्तकनगरच्या घरापासून रिक्षाने जवळ. डोंबिवलीला भावाकडे राहणारी आई निदान चार दिवस माझी असणार होती. मी आतली खोली आवरली, नवी चादर घातली.

आई आली ती वहिनीला घेऊनच.

"हिच्याशिवाय मला झोप लागत नाही गं," आई चपला काढता काढता म्हणाली.

मी चहात गवती चहा टाकायला गेले, तर वहिनी हळूच म्हणाली, "ताई, तो नको. हल्ली त्यांना त्याने खोकला येतो." हा खोकला किती महिन्यांचा आहे, रात्री कधी वाढतो, सगळं तिला ठाऊक होतं. मला आईने फोनवर नुसतं "घसा बसलाय" एवढंच सांगितलेलं.

आई-वहिनीला मागच्या भेटीत सांगितलेलंच दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. आईला सीटी स्कॅनच्या मशीनवर पालथं झोपवायचं, पाठीला तेवढ्यापुरती भूल द्यायची आणि स्कॅन बघत बघत सुई गाठीपर्यंत न्यायची. "श्वासाबरोबर गाठ हलते," ते म्हणाले. "त्यामुळे दर वेळी सारखाच श्वास घेऊन धरायचा. हललात तर आम्हाला थांबावं लागेल."

आईला आत नेलं. थोड्या वेळाने टेक्निशियन बाहेर आला. "आजी घाबरल्यात. श्वास कधी छोटा, कधी मोठा. त्यांच्याशी कोणी बोलेल का?"

वहिनीच्या आधी मी उठले. "मी मुलगी आहे," असंही म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

काचेमागच्या खोलीतल्या माइकवर मी म्हटलं, "आई, मी आहे गं. घाबरू नकोस. श्वास घे."

आईने मान वळवली. "कोण? ती कुठंय?"

"आजी, हलू नका!" आतून डॉक्टर म्हणाले. मी पुन्हा बोलले, तर आईला खोकलाच आला. टेक्निशियनने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. मी बाजूला झाले आणि वहिनीला बोलावलं.

वहिनी माइकपाशी वाकली. "आई, ऐका हं. घरी केलं तसंच. निम्माच श्वास. पोळी टाकली... धरा... धरा... पलटली. सोडा."

आईची पाठ शांत झाली. डोंबिवलीला पोळ्या करताना दोघींनी याची तालीम केली होती. त्या स्वयंपाकघरात मी नव्हते. सुई जात होती, मी प्रार्थना करायला हवी होती. आणि मी मात्र वहिनीच्या मानेकडे बघत, हा आवाज माझा का नाही, म्हणून जळत होते.

तुकडा नीट निघाला. नंतरच्या एक्स-रेत फुफ्फुसातून हवा गळत नव्हती. आईला झोप लागली तेव्हा वहिनी म्हणाली, "ताई, तुमच्यासमोर त्यांना आजारी दिसायचं नसतं. म्हणून सांगत नाहीत." तिने इतक्या मायेने सांगितलं की मला जास्तच राग आला. "हो का," म्हणून मी पाण्याची बाटली भरायला गेले.

रिपोर्टमध्ये टीबी निघाला. कॅन्सर नाही म्हटल्यावर भाऊ फोनवर रडला, मीही रडले. आईला म्हटलं, "गोळ्या सुरू होईपर्यंत तरी राहा." ती म्हणाली, "अगं, हिची शाळेतली रजा संपतेय. मुलांच्या परीक्षा आहेत." वहिनी शाळेत शिकवते. बॅग तर आधीच भरून झाली होती.

आता गोळ्या सुरू आहेत, वजनही वाढलंय. मी रोज सकाळी फोन करते. आई दोन वाक्यं बोलते आणि म्हणते, "थांब हं, हिला देते." मग औषधाचं सगळं वहिनी सांगते, नीट, एकेक करून. मी "बरं" म्हणते. थँक्यू अजून तोंडातून निघत नाही.