हरिबाच्या बॅनरवरचे चौदा फोटो

घाटनांदूरच्या माऊलीचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात श्रद्धांजलीचा बॅनर बनत होता. तीस वर्षं मुंबईत मालिकांच्या सेटवर लाइट लावणारा गावचा हरिबा वारला होता. त्याचा कसाबसा एक फोटो मिळाला. 'शोकाकुल' म्हणून छापायला मात्र चौदा जणांचे आले, त्यातले निम्मे गॉगल घातलेले. सरपंच विजयसिंहांचा तर तीनदा फोन आला, "आमचा जरा मोठा घे बे." सगळ्यांना बसवता बसवता हरिबा खालच्या कोपऱ्यात गेला, पासपोर्टएवढा.

तेवढ्यात हरिबाची बायको रतनबाई दुकानात आली. स्क्रीनवर तिला नवरा लवकर सापडेना. सापडला तशी ती कातावून म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पाडला त्यांनी. मेल्यावरबी तेच कावून?"

माऊलीनं चौदाही फोटो उडवले आणि हरिबाचा बॅनरभर मोठा केला.

दुपारी बॅनर चौकात लागला आणि सरपंचांचा चौथा फोन आला, "आमी कुठं हाय बे?"

"हरिबा तीस वर्षं उभा होता तिथंच हाय तुमी," माऊली म्हणाला. "लाइटच्या मागं."