ठरावावरचं माझं नाव

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली होती. माहेर रावेरकडचं, केळीच्या मळ्यांतलं. आमची बोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी. पहिले काही महिने शेजारणी माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या. सासरे हसत नसत. त्यांना सगळे आबा म्हणत. बेचाळीसच्या लढ्यात ते तुरुंगात जाऊन आले होते आणि आता पक्षाचे तालुक्याचे प्रमुख होते. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेली आहे, अक्षर बरं आहे, एवढं कळल्यावर पक्षाची पत्रं ते माझ्याकडून लिहून घेऊ लागले. सासूबाई नव्हत्या. नवरा सरकारी कचेरीत कारकून, त्याला राजकारणाचं वावडं. त्यामुळे या विषयावर बोलायला आबांना मी आणि मला आबा.

पहिल्या निवडणुकीआधी मतदारयाद्या होत होत्या. बायका स्वतःचं नाव सांगत नव्हत्या. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. आबा म्हणाले, "अशी नोंद झाली तर यादीतून उडतील सगळ्या. तू जा, बायकांशी बोल." मी पांझरेच्या काठची पाच-सहा गावं पायी फिरले. एका गावात भाजीपाला करणारी एक विधवा बाई होती. तिला सगळे अक्का म्हणत. ती म्हणाली, "मन्हं नाव कसाले जोयजे तुले? मन्हा पोऱ्यानं लिख."

"मत तुमचं आहे अक्का, पोराचं नाही."

तिनं थोडा विचार केला, मग माझ्या कानाशी येऊन हळूच नाव सांगितलं. मी लिहिलेलं दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बराबर शे ना?" त्यानंतर बाजाराच्या दिवशी ती हमखास आमच्या घरी डोकवायची.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. आपली पेटी कोणती ते मी बायकांना शिकवलं. हीच आपली का, हे कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आबा ज्या पक्षात तो पक्ष चांगला, यापलीकडे माझा विचार गेलाच नव्हता.

पुढे राज्यरचनेचा प्रश्न आला. मुंबईसह मराठी राज्य मिळणार की नाही, यावरून सगळीकडे धुमसत होतं. छप्पनच्या सुरुवातीला मुंबईत निदर्शकांवर गोळीबार झाल्याच्या बातम्या आल्या. सरकार आबांच्याच पक्षाचं. वर्तमानपत्र आबांच्या मांडीवर तसंच पडलेलं होतं.

मी विचारलं, "आबा, तुमचं मत काय?"

"पक्ष ठरवेल ते."

"ते पक्षाचं झालं. तुमचं?"

"इंग्रजाशी लढताना प्रत्येकानं आपापलं मत चालवलं असतं तर आपण कुठे पोचलो असतो?"

मी वाद तिथेच सोडला. ते तुरुंगात गेलेले, मी कुठेच न गेलेली.

मग गुजरात, महाराष्ट्र आणि मुंबई मिळून एकच मोठं द्वैभाषिक राज्य करायचं ठरलं. वरून पक्षाचा निरोप आला की जागोजाग सभा घेऊन पाठिंब्याचे ठराव करा. महिलांची सभा माझ्याकडे आली. शनिवारी दुपारी, शाळेच्या खोलीत. ठराव आबांनी लिहून दिला आणि ते आदल्या दिवशीच खेड्यांच्या दौऱ्यावर गेले.

तीसेक बायका जमल्या. बाजार आटोपून अक्काही आली होती. मी वाचायला लागले, "आम्ही धुळे तालुक्यातील भगिनी एकमताने…"

"एकमत म्हंजे काय वं?" अक्कानं मधेच विचारलं.

"सगळ्यांचं एकच मत."

"मंग माले कोनी इचारं?"

बायका हसल्या. मीही हसले, पण पुढचं वाक्य वाचवेना. कागद खाली ठेवून मी ठराव कशाचा आहे ते सोप्या शब्दांत सांगितलं. हळूहळू बायका बोलू लागल्या. एकीचा भाऊ मुंबईच्या गिरणीत होता. गोळीबारानंतर तीन आठवडे त्याचं पत्र नव्हतं. तेवढ्या दिवसांत आईनं अन्न सोडलं होतं. ती म्हणाली, "आणि आता याच लोकांना आम्ही शाबासकी द्यायची का?" शेवटी मी हात वर करायला सांगितलं. चार हात वर झाले, चारही पदाधिकाऱ्यांच्या घरचे. "ठराव झाला नाही," असं सांगून मी सभा संपवली. घरी येताना मनात आबांना काय सांगायचं, याचीच घोकंपट्टी चालली होती.

सोमवारी नवऱ्यानं कचेरीतून गावातलं साप्ताहिक आणलं. 'महिलांचा एकमुखी ठराव' अशी बातमी होती आणि सूचक म्हणून माझं पूर्ण नाव.

"तू तर म्हणालीस ठराव झालाच नाही," तो म्हणाला.

माझे कान तापले. तोपर्यंत माझं नाव छापून आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते असं.

संध्याकाळी आबा आले. मी अंक त्यांच्यापुढे ठेवला आणि सभेत घडलं ते सगळं सांगितलं. ते खाटेवर बसले. पाय धुवायला आणलेलं पाणी तसंच राहिलं.

"बातमी मीच शुक्रवारी देऊन गेलो होतो," ते म्हणाले. "शनिवारी छपाईचे खिळे जुळवतात. मी दिलेला ठराव तू तसाच वाचणार नाहीस, हे माझ्या मनातही आलं नाही."

खोटं छापल्यापेक्षा हे मला जास्त लागलं. मी म्हटलं, "बायका विचारतील, झाला नाही तो ठराव छापला कुणी? मी काय सांगू?"

आबांनी अंक उलटा करून ठेवला.

"मी साप्ताहिकाला पत्र लिहिते."

"लिही."

मी तिथेच बसून चार ओळी लिहिल्या. सभेत ठराव नामंजूर झाला असून बातमी कुणीतरी परस्पर पाठवली आहे, असं लिहिलं. आबांनी चष्मा लावून कागद वाचला, माझ्याच हातातून टाक घेतला, 'कुणीतरी' खोडलं आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. "खरं आहे ते लिहावं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पत्र छापखान्यात तेच देऊन आले.

पत्र शेवटच्या पानावर आलं. महिन्याभरात आबांचं तालुक्याचं पद गेलं. पक्ष मात्र त्यांनी सोडला नाही. मी सदस्यत्वाची पावती परत केली. त्यांनी समजूत घातली नाही, आणि बरेच दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. माझ्यामुळे या माणसाचं पद गेलं, हे मला टोचायचं. पत्र लिहिल्याचा पश्चात्ताप मात्र झाला नाही.

सत्तावनच्या निवडणुकीत समोरच्या बाजूचे, मुंबईसह मराठी राज्य मागणारे, लोक मला बोलवायला आले. आबांची सून व्यासपीठावर आली तर हवंच होतं त्यांना. मी गेले. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं. त्यात एक वाक्य होतं : 'माझ्या सासऱ्यांनी माझ्यावर जबरदस्ती केली.'

"असं घडलेलं नाही," मी म्हटलं.

"ताई, लोकांना असंच भावतं."

मी त्यांचा कागद त्यांनाच दिला आणि मुंबईबद्दल मला वाटत होतं ते पाच मिनिटं बोलले. पुन्हा बोलावणं आलं नाही. मत मी त्यांनाच दिलं, कारण त्या एका प्रश्नात ते बरोबर होते. घरी आल्यावर आबांना सांगून टाकलं, "मी तुमच्या पेटीत मत टाकलं नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "वाढ जेवायला."

मराठी राज्य झालं त्या दिवशी धुळ्यात मिरवणूक निघाली, नंतर सभा झाली. सभा आबांच्याच पक्षाची. जुना माणूस म्हणून त्यांना व्यासपीठावर बसवून हार घातला. मी खाली बायकांत होते. घरी आल्यावर त्यांनी हार काढून टेबलावर ठेवला.

"ज्यांनी लाठ्या खाल्ल्या ते खाली उभे होते आणि मी खुर्चीवर."

"मग उठायचं होतं."

"नाही उठलो." हार बाजूला सारून म्हणाले, "छप्पन साली मलाही ते द्वैभाषिक पटलं नव्हतं."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला रागच आला. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर पक्ष सोडावा लागला असता. तीस सालापासून त्यातच आहे मी. सोडून कुठे जायचं, ते मला ठाऊक नव्हतं."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. पोळ्या करता करता राग ओसरला. पावती परत करताना माझं काय गेलं होतं? एक कागद. त्यांचं सगळं आयुष्य होतं त्यात.

आबा शेवटपर्यंत त्याच पक्षात राहिले. मी पुन्हा कुठल्याच पक्षाची सदस्य झाले नाही. मात्र त्या हाराच्या दिवसापासून ते मला 'पक्ष म्हणतो' असं न सांगता 'मला वाटतं' असं सांगू लागले, आणि मग आमचे वाद फार रंगू लागले. इतके, की नवरा आपलं ताट उचलून बाहेर ओट्यावर जाऊन जेवायचा.