डब्यातली चिठ्ठी

आमच्या सोसायटीत चेअरमन व्हायला कुणी तयार नसतं. म्हणून दरवर्षी स्टीलच्या डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलतात. यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या साठेकाकांची निघाली. "अहो, मला कशाला, मला नाही जमायचं," म्हणत ते अगदी कानकोंडे झाले. आठवड्याभरातच गेटपाशी त्यांचा आवाज ऐकू आला. म्हाताऱ्या वॉचमनला ते सांगत होते, "मी येताना दिसलो की उठून उभं राहायचं."

प्राचीन ग्रीक लोकही आपले कितीतरी अधिकारी चिठ्ठ्या टाकूनच निवडत. नशीब कुणालाही खुर्चीत बसवतं, माणूस कसा आहे ते मात्र तिथे बसल्यावरच कळतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. कॉलेजात हे वाचलं, तेव्हा मोठ्या माणसांची गोष्ट वाटली होती. आता एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या डब्यात माझीही चिठ्ठी होती.

काल भाजीची पिशवी घेऊन आत शिरले, तर वॉचमन सवयीने मला बघूनही उभे राहिले. "बसा हो काका," असं मी म्हटलंच. पण त्यांच्यासमोरून सावकाश चालत पुढे गेल्यावर.