द्या समजून

धम्मानंद मेश्रामच्या ऑटोतून उतरताना भांडायची तयारी करावी, तर समोर भांडायला कोणी नसतं. नागपुरात ऑटोला मीटर असतो, पण तो चालू असलेला पाहिल्याचं कोणी शपथेवर सांगणार नाही. बाकीचे ऑटोवाले शंभर म्हणतात, आपण साठ म्हणायचं, तो तोंड फिरवतो, आपण चार पावलं चालतो, तो मागून हाक मारतो आणि ऐंशीवर दोघांचीही इज्जत राहते. धम्मानंद मात्र आकडाच सांगत नाही. किती झाले विचारलं की हँडलवर दोन्ही हात ठेवून म्हणतो, "द्या समजून."

मी सत्तावीस वर्षं विजेच्या बिलाच्या खिडकीत काढली. तिथं मी असं म्हटलं असतं तर आठवड्याभरात अख्खं शहर अंधारात गेलं असतं. त्यामुळे या दोन शब्दांनी माझं डोकं फिरायचं. माझ्या घरापासून जरीपटक्याच्या बाजारापर्यंत साठ रुपये होतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी चाळीस द्यायची. हा बाबा समजून द्या म्हणतो ना, मग मी माझ्या सोयीनं समजून घेतलं होतं.

तसा माणूस टापटिपीचा. वय पंचावन्नच्या पुढे, खाकी शर्टाला कडक इस्त्री, काचेजवळ बुद्धाची लहानशी मूर्ती आणि गालात सदा खर्रा. सुपारी-तंबाखूचा तो लगदा सांडू नये म्हणून बोलताना हनुवटी वर करायचा.

एकदा मी वैतागून विचारलंच, की सरळ आकडा सांगायला जीभ का अडते. त्यानं आधी रस्त्याच्या कडेला जाऊन तोंड मोकळं केलं, मग सांगितलं.

"माहा बाप सायकल रिक्षा ओढे, मॅडम. लोक उतरले का सीटवर चिल्लर टाकून चालले जात. बापाकडे कोनी पाहेच ना. म्या समजून द्या म्हटलं, का माणसाले घडीभर माह्याकडे पाहा लागते. इतकंच."

त्या दिवशी मी चाळीस देताना त्याच्याकडे पाहिलं होतं का, हे मला घरी आल्यावर काही केल्या आठवेना.

पुढे लोकांनी खिशात पैसे ठेवणंच सोडलं. जो तो फोन काढायचा, आणि धम्मानंदकडे बटणांचा मोबाइल. त्याची बायको शामला जरीपटक्यात फॉल-पिकोचं दुकान चालवते. तिनं आपल्या दुकानाच्या क्यूआर कोडचा एक कागद छापून ऑटोत चिकटवून दिला. म्हणजे पैसे द्यायचे ऑटोत, आणि ते आल्याची बातमी सांगणारा डबा बोलायचा तिच्या शिलाई मशीनशेजारी, "साठ रुपये प्राप्त हुए." तीस वर्षं नवरा घरी सांगत होता की लोक चांगले असतात, बरोबर देतात. आता डबा वेगळंच सांगू लागला.

त्यात उमरेडकडच्या जंगलात वाघ बघायला आलेलं एक जोडपं त्याला भेटलं. वाघ दुसऱ्या दिवशी होता, तोवर गाव बघायचं होतं. धम्मानंदनं त्यांना झिरो माइल दाखवला, दीक्षाभूमी दाखवली, फुटाळा तलावावर नेलं, वर सगळी माहिती स्वतः दिली. चार तासांनी ते स्टेशनवर उतरले आणि भाव विचारला. त्यानं ठरलेलं उत्तर दिलं. दोघांनी आपसात बरीच चर्चा केली, म्हणजे समजून घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला असावा. इकडे दुकानात डबा म्हणाला, "एक सौ पचास रुपये प्राप्त हुए."

मी तेव्हा दुकानातच होते. शामलानं मशीन थांबवलं. एका पुठ्ठ्यावर जाड पेननं तिनं भाव लिहून काढले, स्टेशन ते दीक्षाभूमी इतके, चार तासांचे इतके. संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती पाटी त्याच्यापुढे धरून म्हणाली, उद्यापासून ही मागं लटकवायची आणि समजून देणं बंद. त्यानं साफ नकार दिला. वाद वाढत पैजेवर गेला. सात दिवस, रोज डब्यावर ऑटोचे आठशे रुपये यायला हवेत. एक दिवस जरी कमी पडले तरी पाटी लागणार.

मला पाटी लागायला हवी होती. मग माझे चाळीस चालणार नाहीत हे मला कळत होतं, पण तत्त्व ते तत्त्व. मी रोज एक साडी काढून फॉलच्या निमित्तानं दुकानात जाऊन बसू लागले. पहिल्या दिवशी आठशे दहा झाले. दुसऱ्या दिवशी आठशे. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशीही आठशेला धक्का नाही. दुपारभर डबा वीस, तीस असं कुरकुरायचा आणि पाचच्या सुमारास एकदम एखादा नव्वद, एखादा एकशे दहा यायचा. नागपूरकर इतके सुधारले कधी, मला कळेना.

सातव्या दिवशी कळलं. पाचला मी ऑटो स्टँडवर पोचले, तर धम्मानंद चहावाल्या नानाजींच्या हातात नोटा ठेवत होता. म्हाताऱ्यानं चष्मा सावरला, आपला फोन काढला, ऑटोतला कागद टिपला आणि स्वतःच्या खात्यावरून पैसे शामलाकडे रवाना केले. म्हणजे कमी पडलेले पैसे हा स्वतःच भरत होता.

बिलाच्या खिडकीत असली लबाडी मी चुटकीसरशी पकडायची. मी तरातरा दुकान गाठलं आणि शामलाला सगळं सांगून टाकलं. तिनं दोरा दातानं तोडला आणि आपला फोन माझ्यापुढे सरकवला.

"यात नाव येते, मॅडम. त्यांले वाटते डबा फक्त आकडा बोलते. मंग नानाजी लांजेवार रोज पाच वाजता चहाची गाडी टाकून ऑटोत कुठं फिराले जाते?"

मी यादी पाहिली. नानाजी लांजेवार सात वेळा होते. त्यांच्या वरखाली माझंही नाव होतं, आणि प्रत्येक वेळी त्यापुढे चाळीस. शामलानं ते मला दाखवलं नाही आणि लपवलंही नाही. माझे कान गरम झाले. सगळं ठाऊक होतं तर गप्प का बसलीस, असं मी तिला जरा चढ्याच आवाजात विचारलं.

ती म्हणाली, "तो पैसा खर्ऱ्याचा आहे, रोज सकाळी हातखर्चाले मीच देते तो. डाक्टरनं फोटो दाखवले, पोरीनं रडून सांगितलं, नाही सुटला. लोक चांगले आहेत हे मले दाखवाले सात दिवसांपासून सुटला." मग खालच्या आवाजात म्हणाली, "पाटी तर मी कवाचीच फाडली."

मी चटकन म्हटलं, यापुढे मी साठ देईन. तिनं घाईनं माझा हात धरला. "नाही वं मॅडम. महिनाभर तरी चाळीसच देत जा. पैसे बरोबर याले लागले, तर त्यांच्या खिशात खर्ऱ्याले उरन."

तेवढ्यात धम्मानंद आला, विजयी चेहऱ्यानं. शामलानं तोंड पाडून आकडा मान्य केला, पण सात दिवसांत माणसं कळत नाहीत, पैज महिनाभर चालू दे, असं म्हणून टाकलं. त्याचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तरी तो म्हणाला, चालू दे.

त्यानंच मला घरी सोडलं. मी उतरले आणि सवयीनं विचारलं, किती झाले.

"द्या समजून," तो म्हणाला. हनुवटी खाली होती, शब्द स्वच्छ होते.

मी त्याच्याकडे पाहिलं. चांगलं घडीभर पाहिलं. गाल आत गेलेला, डोळे थोडे लाल, तलफ दाबून बसलेला माणूस. मग मी फोन काढला आणि चाळीस रुपये टाकले.

तो खूश दिसला. "पाहा मॅडम, शामला उगीच म्हणते. लोक बरोबर देतात."

मी मान हलवली आणि घरात आले. स्वयंपाकघरातल्या मेथीच्या डब्यात उरलेले वीस रुपये टाकले. महिना संपला की सगळे शामलाला नेऊन द्यायचे आहेत.